एडी बॅन करायचा म्हणे! का बे?

सध्या सोलापुरातल्या गेमवाल्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, ज्याला त्याला फॉरवर्ड. म्हणणं काय, तर टेकन या फायटिंग गेममधला एडी गोर्डो हे नुसतं किकची बटणं बडवायचं कॅरेक्टर, स्किल शून्य, म्हणून मोठ्या टूर्नामेंटला प्रो प्लेयर त्याला हातच लावत नाहीत. पुढं, टेकन 8 मध्ये कंपनीने पैसे छापायला त्याला एवढा तगडा करून विकला की कुणीपण घेऊन फायनलला जाईल. आणि शेवटी, म्हणून आपल्याकडच्या लोकल टूर्नामेंटला एडी बॅन करा, खाली हात जोडलेले इमोजी.

म्हणजे एकाच मेसेजमध्ये एडी फालतू पण आणि ब्रोकन, म्हणजे प्रमाणाबाहेर तगडा, पण. कुठलं तरी एक ठरव की बे आधी.

बडवून जिंकतो हे घ्या पहिलं. हे आलं कुठून ते आपल्या पिढीला सांगायला नको, टेकन 3 प्लेस्टेशनवर आला 1998 ला, आपल्याकडं मात्र तो पुढं कितीतरी वर्षं गल्लीतल्या गेमच्या दुकानात कॉम्प्युटरवर एम्युलेटर (प्लेस्टेशनचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून चालला, तासावर पैसे आणि एका कीबोर्डवर दोघं मांडीला मांडी लावून. अशोक चौकाकडची पोरं तेलुगूत शिव्या द्यायची, नव्या पेठेकडची मराठीत, पण समोरच्याने एडी घेतला की दोन्ही भाषेत एकदम सुरू. आणि तो जिंकायचा पण, खोटं कशाला बोला. पण का जिंकायचा ते बघा ना. स्वस्तातल्या कीबोर्डला एका वेळी ठराविकच बटणं कळतात, काही बटणं आधीच दाबलेली असली की पुढचं बटण आतल्या वायरिंगमुळं कॉम्प्युटरपर्यंत जातच नाही. आता एडीवाला दोन-तीन बटणं एकदम ठोकत बसलाय, तुम्ही ब्लॉक करायला खाली-मागं दाबताय, आणि तुमचं दाबणं पोचतच नाही! स्क्रीनवर दिसतंय काय तर तुमचा जिन (गेममधलंच एक कॅरेक्टर) गपचिप उभा राहून मार खातोय. आपण म्हणायचो एडी चीटिंग आहे, अन चीटिंग करायचा तो दुकानातला घासून अक्षरं गेलेला कीबोर्ड.

कीबोर्ड सोडा, रिमोटवर, म्हणजे हातात धरायच्या कंट्रोलरवर, पण नवख्याला एडी जड जातो हे खरंय, त्याचं कारण वेगळं. टेकनमध्ये मागं दाबलं की वरचे आणि मधले मार अडतात, खालची किक अडवायची तर खाली-मागं दाबून बसावं लागतं, आणि बसून राहिलात की मधला मार पडतो. एडीच्या लाथा कॅपोइराच्या, म्हणजे ब्राझीलच्या नाचत लढायच्या कलेतल्या, गोल फिरत येतात, त्यात कुठली खालून आणि कुठली मधून ते बघून पटकन कळत नाही. पण ते पाठ करता येतं ना! एकदा माहीत झालं की अमुक दोन लाथांनंतर तिसरी खालून येते, की बसायचं, अडवायचं आणि उठता उठता त्याला हवेत उडवायचं. टेकन 8 मध्ये तर लो पॅरी सगळ्यांना आहे, खालची लाथ येताना बरोबर वेळेला खाली-पुढं दाबलं की त्याचा तोल जातो आणि तुमचा कॉम्बो, म्हणजे लागोपाठ मार, सुरू. वर हातावर उभा असताना किंवा जमिनीवर लोळत असताना तो स्वतः ब्लॉक करू शकत नाही, म्हणजे बडवणारा त्या पोझिशनमध्ये गेला की नुसता उघडा पडतो. गेम चालतो सेकंदाला 60 फ्रेमने (चित्रांनी), फास्टात फास्ट जॅब, म्हणजे साधा बुक्का, बहुतेकांचा 10 फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. बडवणाऱ्याच्या दोन लाथांमध्ये तेवढी फट सापडली की त्याचा खेळ खल्लास, आणि टूर्नामेंट खेळणारी पोरं या फटी प्रॅक्टिस मोडमध्ये बसून शोधून काढतात. तिथं नुसतं बडवून पहिला राउंड पण निघत नाही.

मग प्रो लोक हात लावत नाहीत, हे? साफ खोटं. इव्हो 2024, लास वेगास, टेकन 8 ची फायनल. एका बाजूला लाहोरचा अर्सलान ॲश निना हे कॅरेक्टर घेऊन, दुसऱ्या बाजूला कोरियाचा जॉनडिंग, आणि त्याच्याकडं कोण? एडी. फायटिंग गेमची जगातली सगळ्यात मोठी टूर्नामेंट, तिच्या शेवटच्या मॅचमध्ये एडी! मेसेज लिहिणाऱ्या भावाने हे बघितलंच नाही, नाहीतर बघून दाबून ठेवलं.

इथं लगेच पुढचा मुद्दा फेकतात, की तो पोचला कारण कॅरेक्टर ब्रोकन होतं. टेकन 8 मध्ये एडी आल्या आल्या बऱ्याच जणांना अति वाटला, हे मान्य. पण जॉनडिंग काय एडी विकायला आला म्हणून कालपरवा शिकला नव्हता, टेकन 7 पासून तो एडीसाठीच ओळखला जातो. टेकन 8 मध्ये एडी आला एप्रिल 2024 ला, इव्हो जुलैत. एवढ्या दिवसात कुणीपण उचलून फायनल मारता येत असती तर जगातल्या सगळ्या प्रोंनी तेच केलं असतं ना, आणि फायनल एडीनेच जिंकली असती. जिंकली निनाने. 2018 चं बघा, टेकन वर्ल्ड टूरची फायनल ॲमस्टरडॅमला झाली आणि ती जिंकली रँगचूने, पांडा घेऊन. पांडा! ज्याला आपल्याकडं लोक हसण्यासाठी घेतात. कॅरेक्टर तगडं असणं आणि खेळणारा तगडा असणं यातला फरक त्या मेसेजवाल्याला अजून कळायचाय.

पैशाचा मुद्दा तेवढा अर्धा बरोबर. एडी टेकन 8 चं पहिलं डीएलसी (गेमनंतर वेगळं विकत घ्यायचं) कॅरेक्टर, मग लिडिया, हेइहाची, क्लाईव्ह, सगळ्यांचे पैसे. आणि एडी आला तेव्हा विकत घेतला नाही तर प्रॅक्टिस मोडमध्ये त्याला समोर उभं करून शिकायची पण पंचाईत होती, याचा राग मला पण आहे, कंपनीला काय बोलायचं ते बोला. पण म्हणून एडी घेणाऱ्या पोराला स्किल नाही हे कुठून निघालं? पैसे भरून कॅरेक्टर मिळतं, लाथा कधी मारायच्या ते मिळत नाही.

राहिलं बॅनचं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत कुणी टूर्नामेंट घेणार असेल तर माझं म्हणणं सरळ आहे, एडी चालू ठेवा आणि एका राउंडवर निकाल लावू नका. बेस्ट ऑफ थ्री मॅच ठेवा, बडवणारा पहिल्या मॅचला तुम्हाला गोंधळात टाकेल, दुसऱ्यापर्यंत त्याच्या लाथा तुम्हाला ओळखीच्या होतात. डबल एलिमिनेशन ठेवलं तर अजून बरं, एकदा हरला म्हणून कुणी घरी जात नाही. आणि टेकन 3 च खेळवणार असाल, रिमोट नसतील, तर कृपा करून दुसरा यूएसबी कीबोर्ड लावा, कॉम्प्युटर दोन्ही घेतो, फक्त एम्युलेटरमध्ये दोघांची बटणं वेगवेगळी सेट करा.