अंगठेबहाद्दर

बोलिंगला जायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "त्यासाठी बाहेर कशाला जायला हवं? घरी काय कमी बोलता का?" मी हसले होते. दोन दिवसांनी उजवा अंगठा बर्फाच्या वाटीत बुडवून बसले होते, तेव्हा तो प्रश्न मला फार खोल वाटायला लागला.

आम्ही तीन जोडपी आहोत. खरी नावं सांगत नाही, कारण मैत्री टिकवायची आहे. एक हिशोबे. पाण्याच्या एका बाटलीचेही सहा भाग पाडून दाखवणारा माणूस. त्याची बायको फोटोताई. तिचा फोटो काढून झाल्याशिवाय समोरचा घास तोंडात घालण्याची कुणाची हिंमत नाही. दुसरं जोडपं उशिरकर. ते 'निघालोच' म्हणतात तेव्हा दोघांपैकी एक अंघोळीला गेलेलं असतं. आणि तिसरे आम्ही. माझा नवरा मास्तर आहे. पेशानं नव्हे, स्वभावानं. अभ्यास केल्याशिवाय तो मजासुद्धा करत नाही.

शनिवारी बोलिंग आणि रविवारी खाद्यमहोत्सव, असा बेत कुणी काढला ते आता कुणीच कबूल करत नाही. ग्रुपवर एकानं विचारलं, दुसऱ्यानं 'चालेल' लिहिलं, मग चार 'चालेल' आले. 'चालेल' म्हणजे 'मला नको आहे, पण नाही म्हणणारा मी पहिला होणार नाही', हे सहाही जणांना ठाऊक आहे. तरी दर वेळी चालतं.

शुक्रवारी रात्रभर मास्तरांचा व्हिडिओ बघून अभ्यास चालू होता. लेन, म्हणजे चेंडू घरंगळत सोडायची पट्टी, ६० फूट लांब, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा ६ फुटांनी कमी. रुंदी जेमतेम साडेतीन फूट, त्यात ३९ फळ्या. शेवटी त्रिकोणात मांडलेल्या, चेंडूनं पाडायच्या १० पिना, प्रत्येक १५ इंच उंच. "आणि गंमत म्हणजे," मास्तर अंधारात म्हणाले, "अगदी बिनचूक स्ट्राइकमध्ये, म्हणजे पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडतात तेव्हा, चेंडू फक्त चार पिनांना लागतो. बाकीच्या सहा एकमेकींना पाडतात." मी झोपेत 'चालेल' म्हणाले.

तिथे गेल्यावर पहिला मुक्काम बुटांच्या काउंटरवर. आपली पादत्राणं ओलीस ठेवायची आणि हजारो पायांनी वापरलेले, टाचेवर मोठ्ठा नंबर छापलेले बूट घ्यायचे. नंबर बहुधा कुणी ते चोरू नयेत म्हणून छापत असावेत, पण ते बूट बघितल्यावर ही काळजी अनाठायी वाटते. मी सँडल घालून गेले होते, आणि मोज्यांशिवाय बूट मिळत नाहीत. मोजे काउंटरवरच विकायला होते. हिशोबेनं खिशातून वही काढावी तसा फोन काढला आणि नोंद केली : 'मोजे (फक्त हिचे).' बुटांचे तळ मुद्दाम गुळगुळीत ठेवलेले असतात, कारण चेंडू सोडताना शेवटचं पाऊल घसरत न्यायचं असतं. आयुष्यभर न घसरता चालायला शिकलेल्या बाईनं आता भाड्यानं घसरायचं होतं.

खरा घात पुढे झाला. चेंडूंच्या घडवंचीपाशी.

प्रत्येक चेंडूवर आकडा असतो, त्याचं वजन पौंडांत. नियमानं जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो. "नवख्यांनी आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्के वजनाचा चेंडू घ्यावा, असा ठोकताळा आहे," मास्तरांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. क्षणभर शांतता पसरली. मग आमच्यातल्या बायकांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. म्हणजे चेंडूवरच्या आकड्यापुढे एक शून्य लावलं की झालं वजन! घरातला काटा निदान बाथरूमच्या कोपऱ्यात गप्प बसतो. इथं काटा हातात धरून चारचौघांत धावायचं होतं.

फोटोताईनं इकडेतिकडे बघत ९ नंबरचा उचलला. मी लगेच ८चा उचलला. ८० पौंड म्हणजे ३६ किलो. माझं वजन ३६ किलो होतं ते शाळेत असताना, तेही दप्तरासकट. पण त्या घडीला मला फक्त ९पेक्षा कमी काहीतरी हवं होतं.

"अगं, तू बारा..." मास्तर म्हणाले. मी बघितलं. ते थांबले.

आता, हलक्या चेंडूंची बोटं घालायची भोकं लहान असतात, कारण ते मुळात लहान मुलांच्या हातांसाठी केलेले असतात. ही माहिती मास्तरांच्या व्हिडिओंत नक्की असणार. नेमकी तेवढीच त्यांनी राखून ठेवली.

पहिला चेंडू अर्थात मास्तरांचा. लेनच्या पुढच्या साधारण ४० फुटांवर तेल लावलेलं असतं आणि शेवटचा भाग कोरडा. तेलावर चेंडू सरळ सरकतो, कोरड्यावर आला की पकड घेतो आणि वळतो. त्यामुळे पहिल्या पिनेवर नेम धरायचाच नाही, तिच्या जरा बाजूला, पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत चेंडू शिरवायचा. हे सगळं त्यांनी आम्हाला हातवारे करून समजावलं. मग चार पावलं टाकली, हात झोकात मागे नेला, चेंडू सोडला, आणि सोडल्यावरही हात तसाच वर धरून पुतळ्यासारखे उभे राहिले. चेंडू दहाव्या फुटावर लेनच्या कडेच्या पन्हळीत, म्हणजे गटरात गेला.

गटर! मराठी माणसाला हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न पडतो, आता काढायला कोण जाणार? इथं तो आपला आपण परत येतो, एवढंच सुख. तो परत येईपर्यंत मास्तरांनी आजचं तेल कमीजास्त लागलं असल्याचं निदान केलं होतं. दहाव्या फुटापर्यंत तेलाचा काय संबंध, हे विचारायला मी गेले नाही. संसार म्हणजे तरी दुसरं काय.

शेजारच्या लेनवर एक सहाएक वर्षांचा मुलगा होता. त्याच्यासाठी गटरांवर कठडे उभे केले होते आणि चेंडू सोडायला घसरगुंडी दिली होती. तो चेंडू घसरगुंडीवर ठेवायचा, हलकेच ढकलायचा आणि पाठ फिरवून पेय प्यायला जायचा. मागे धडाधड पिना पडायच्या. हिशोबे पाच मिनिटं त्या घसरगुंडीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "मोठ्यांना देत नाहीत का?"

हिशोबेला खेळापेक्षा गुण मोजण्यात रस. स्पेअर केला, म्हणजे दोन चेंडूंत मिळून दहाही पिना पाडल्या, तर दहा, अधिक पुढच्या एका चेंडूचे गुण. स्ट्राइक केला तर दहा, अधिक पुढच्या दोन चेंडूंचे. म्हणजे आज केलेल्या पराक्रमाची किंमत उद्या ठरणार. तोवर पडद्यावर ती चौकट रिकामीच. ही उधारी त्याला इतकी आवडली, की पडदा आपोआप बेरीज करत असूनही तो ती फोनवर ताडून बघत होता. लागोपाठ १२ स्ट्राइक घेतले की पूर्ण ३०० होतात. आमच्या सगळ्यांची मिळून बेरीज तिथपर्यंत जाईल का, यावर त्यानं एक अंदाजपत्रकही केलं.

या गडबडीत माझी पाळी यायला वेळ होता, म्हणून मी चेंडू मांडीवर घेऊन बोटं घालून बघितली. मधलं बोट गेलं, अनामिका गेली. अंगठा जाईना. जरा दाबला. गेला. मग काढायला गेले.

नाही आला.

अशा वेळी माणूस आधी काय करतो? काही झालंच नाही असं दाखवतो. मी मांडीवर आठ पौंडांचा गुलाबी गोळा घेऊन, चेहऱ्यावर मंद हसू ठेवून दोन फेऱ्या बसून राहिले. फोटोताईनं त्या अवस्थेत माझे चार फोटो काढले. ते फार छान आलेत, असं सगळे म्हणतात. चेहऱ्यावर एक शांती आहे म्हणे. मास्तर दरम्यान इतिहासात शिरले होते. यंत्रं येण्याआधी पडलेल्या पिना उचलून पुन्हा मांडायला पोरं ठेवलेली असत, १९५०च्या दशकात यंत्रं आली आणि त्यांचं काम गेलं. मी त्या पोरांचा विचार करत होते. त्यांच्यापैकी कुणाला अंगठा सोडवता आला असता का?

"चल, तुझी पाळी."

"अरे, ऐक ना."

"काय?"

"हा निघत नाहीये."

"टाक की मग."

"टाकलं तर मी पण जाईन."

पुढच्या दहा मिनिटांत मी तिथलं मुख्य आकर्षण झाले. हिशोबेनं चेंडू धरला, मास्तरांनी मला धरलं आणि दोघांनी विरुद्ध दिशांना ओढलं. शेजारचा मुलगा घसरगुंडी सोडून बघायला आला. शेवटी तिथला एक कर्मचारी बेसिनवरचा द्रवसाबण घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, याचा मला आधारही वाटला आणि अपमानही. त्यानं भोकाच्या कडेनं साबण सोडला, अंगठा गोल फिरवायला सांगितला, आणि 'प्टॉक्' असा बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज होऊन मी मोकळी झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आमच्या लेनला मिळालेल्या त्या एवढ्याच.

"मॅडम, तुम्ही बारा नंबर घ्या," तो म्हणाला. सगळ्यांनी मनातल्या मनात शून्य लावलं. मला ते ऐकू आलं.

तरी मी हट्टानं त्याच आठला दोन्ही हातांनी धरून, वाकून, पायांमधून सोडलं. तो इतका सावकाश गेला की मास्तरांना वाटेत त्याच्या तेलावरच्या वर्तनाचं धावतं वर्णन करता आलं. बऱ्याच काळानं तो पहिल्या पिनेपाशी पोचला. पिनेनं ओळखीचं माणूस दिसल्यासारखी किंचित मान हलवली आणि पुन्हा ताठ उभी राहिली. चेंडू तिथेच थांबला. तेलामुळे लेनवर पाऊल टाकायची मनाई, त्यामुळे पुन्हा त्याच कर्मचाऱ्याला बोलवावं लागलं. तो कडेकडेनं चालत गेला. चालताना एकदा वळून माझ्याकडे बघितलं त्यानं.

उशिरकर आले तेव्हा आम्ही बूट परत करत होतो. "झालं पण?" त्यांनी विचारलं. त्यांची बोटं दहाच्या दहा शाबूत होती.

रविवारी अंगठा टुम्म सुजला होता. खाद्यमहोत्सवाला तोंड लागतं, अंगठा कशाला, अशी सगळ्यांनी समजूत घातली. ज्यांनी ती घातली त्यांनी कधी अंगठ्याशिवाय कागदी बशी धरून बघितलेली नाही. खाली चार बोटं आणि वर अंगठा, एवढ्यावर ती सगळी सृष्टी उभी असते. अंगठा काढून घेतला की बशी आधी मान टाकते आणि मग रस्सा.

तिथली रीत अशी : आधी कुपनांसाठी रांग, मग त्या कुपनांवर खायच्या रांगा. उरलेल्या कुपनांचे पैसे परत मिळत नाहीत. हे वाचून हिशोबेचा चेहरा उतरला आणि त्यानं सहा जणांच्या भुकेचं गणित मांडायला घेतलं. मास्तरांचं धोरण वेगळं. आधी काही न घेता पूर्ण फेरी मारायची, सगळं बघायचं, मगच निवडायचं. वरवर पाहता यात चूक काढता येत नाही. पण फेरी पूर्ण करून आम्ही पहिल्या स्टॉलपाशी परत आलो तेव्हा तिथे 'संपले' अशी पाटी लागली होती, आणि मघाशी दोन माणसांची असलेली रांग आता दुसऱ्या स्टॉलच्या रांगेला काटकोनात छेदून पलीकडे गेली होती. अर्धा तास मी एका रांगेत उभी होते. पुढे गेल्यावर कळलं, ती हात धुवायची होती.

मग प्रत्येकानं वेगळ्या रांगेत उभं राहायचं आणि सगळं आणून मधे बसून खायचं, असं ठरलं. गर्दीत फोन लागेनात. लागला तेव्हा फोटोताई म्हणाली, "मी निळ्या तंबूपाशी आहे." मी मान वर करून बघितलं. सगळे तंबू निळे होते. मी फोन पुन्हा उघडायला गेले तर तो अंगठ्यानं उघडेना. सुजल्यामुळे माझा फोन मला ओळखत नव्हता.

शेवटी मास्तर सापडले. हातात एकच बशी, तीत काडीला टोचलेलं काहीतरी आणि चार चमचे गरम काहीतरी. मला धरता येईना म्हणून तेच भरवायला लागले. बाजूला एक आजी उभ्या होत्या. बराच वेळ कौतुकानं बघत होत्या. "नवीन लग्न वाटतं?" त्यांनी विचारलं. मास्तर लाजले. आजींना काय माहीत, की हा माणूस चमच्यागणिक 'एक तुला, एक मला' असं मोजत होता आणि दोनदा चुकला होता. दोन्ही वेळा स्वतःच्या बाजूनं. पण खरं सांगते, ते चार चमचे फार चांगले लागले. तिखट होते, नाक गळत होतं, आणि ते पुसायला अंगठा नव्हता. तेही त्यांनीच पुसलं. या वेळी न मोजता.

बाकीचं काही विशेष नाही. फोटोताईनं फोटो काढेपर्यंत जे वितळायचं ते वितळलं. हिशोबेकडे अठरा कुपनं उरली आणि तो त्यांच्याकडे एखाद्या आप्ताकडे बघावं तसं बघत होता. तेवढ्यात उशिरकर आले. स्टॉलवाले आवराआवर करत होते. रांगा नव्हत्या. उरलेलं परत कुठे न्यायचं म्हणून प्रत्येकानं त्यांच्या बशीत दुप्पट वाढलं. दोघं रिकाम्या झालेल्या टेबलावर ऐसपैस बसून, आमच्याच अठरा कुपनांवर, तासभर जेवले. आम्ही चौघं उभं राहून बघत होतो. त्यांनी आम्हाला विचारलंही, "तुम्ही नाही घेत?"

त्या रात्री हिशोबेचा हिशोब ग्रुपवर आला. मोजे वेगळे दाखवले होते. सगळ्यांनी त्यावर अंगठ्याचं चित्र टाकलं. मी बर्फाच्या वाटीतल्या खऱ्या अंगठ्याकडे बघत होते तोच खाली नवा प्रश्न आला : पुढच्या शनिवारी आइस स्केटिंग? मास्तरांनी पलंगाच्या त्या टोकावरून लगेच 'चालेल' टाकलं. त्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ सुरू झाल्याचाही आवाज आला. मग धडाधड आणखी तीन पडले.

या वेळी मी उभी राहायचं ठरवलं. डाव्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, लिहायला घेतलं : 'मी येत नाही'. 'मी येत'पर्यंत आले आणि बोट भलतीकडे पडलं. संदेश गेला.

"व्वा! सहा नक्की," हिशोबेनं लिहिलं, "आगाऊ भरून टाकतो. मोजे आण."