झडप बिघडली, मग अँजिओग्राफी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

झडपांच्या आजारावरच्या संशोधनाबद्दल मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमच्या वडिलांची महाधमनीची, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या मुख्य नसेची, झडप आवळली आहे, ती बदलायचं ठरलं आणि त्याआधी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नसांत औषध सोडून काढलेला एक्स-रे, करायला सांगितली. तुम्ही लिहिता, "बिघाड झडपेत, मग नसा कशाला तपासता? हा बिल वाढवायचा धंदा आहे. आणि तुमचं संशोधन म्हणजे आमच्या गरिबांवर प्रयोग." तुमचा राग मला कळतो. वणीहून नागपूरला एका तपासणीसाठी जायचं तर दोन माणसांची मजुरी बुडते, वर मुक्कामाचा खर्च. तरीही तुमचे दोन्ही आरोप मला पटत नाहीत.

"काऊन जी डाक्टर साहेब, वाल खराब हाये तं नसा काऊन पायता?" हा प्रश्न मला ओपीडीत नेहमी ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही नसा महाधमनीच्या झडपेच्या अगदी वरच उगम पावतात. ही झडप आवळली की डाव्या कप्प्याला रक्त बाहेर ढकलायला फार जोर लावावा लागतो. त्याची भिंत जाड होते, तिला रक्त जास्त लागतं, ते पुरत नाही आणि चालताना छातीत दुखतं. नसा स्वच्छ असल्या तरी दुखतं, आणि नसांत अडथळा असला तरी तसंच दुखतं. छातीला स्टेथोस्कोप लावून किंवा ईसीजी काढून हा फरक कुणालाही खात्रीनं सांगता येत नाही. अडथळा आधीच कळला तर त्याच ऑपरेशनमध्ये बायपास करता येतो. तो राहून गेला, तर ऑपरेशनच्या टेबलावरच हृदयाला रक्त कमी पडण्याचा धोका असतो.

म्हणून चाळिशी ओलांडलेले पुरुष आणि पाळी गेलेल्या स्त्रिया यांच्या नसा झडपेच्या ऑपरेशनआधी पाहतात. धोका कमी वाटला तर सीटी स्कॅनवरही भागतं. लहानपणीच्या सांधेतापानं झडप बिघडलेली पंचविशीतली मुलगी असेल, बाकी काही धोका नसेल, तर सहसा गरज पडत नाही. तिथे कुणी सांगितलं तर जरूर कारण विचारा.

आणखी एक गोष्ट. काही माणसांच्या नसा जन्मतःच वेगळ्या वाटेनं जातात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं 1990 मध्ये 1,26,595 अँजिओग्राफी तपासून पाहिल्या, त्यांत अशी माणसं 1.3 टक्के निघाली. कधी डावीकडची एक नस उजवीकडून निघते आणि महाधमनीच्या मागून वळसा घेते. एरवी तिचा काही त्रास नाही, माणूस आयुष्यभर शेतात राबतो. पण नवी झडप शिवताना ती नस टाक्यात सापडू शकते किंवा झडपेच्या कड्याखाली दबू शकते. सर्जनला आधी माहीत असलं तर तो तिथला टाका जपून घेतो. एवढ्या लोकांच्या नोंदी कुणीतरी चिकाटीनं तपासल्या म्हणून हे आज कळतं.

आता गरिबांवरच्या प्रयोगाबद्दल. सांधेतापानं झडप आवळली आणि ठोके अनियमित झाले की हृदयात गुठळी होऊन लकवा मारू शकतो, म्हणून रक्त पातळ करायची गोळी देतात. जुन्या गोळीला (वॉरफरिनसारख्या) आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते, तपासत राहावं लागतं, ऐन कापूस वेचणीतही. नव्या महाग गोळीला (रिव्हारोक्सॅबॅन) ती कटकट नाही, म्हणून तीच सरस ठरेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं. मग आपल्यासारख्याच 24 देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांत दोन्हींची तुलना झाली. त्यांचं सरासरी वय पन्नाशीचं, आणि दर चारांत जवळपास तीन स्त्रिया. निकाल 2022 मध्ये आला. मृत्यू, लकवा यांसारख्या घटना नव्या गोळीच्या गटात 560 जणांत आणि जुन्या गोळीच्या गटात 446 जणांत घडल्या. मोठा रक्तस्रावही जुन्या गोळीनं वाढला नाही. हा अभ्यास झाला नसता, तर आपल्या बायाबापड्यांनी जास्त पैसे मोजून कमी फायद्याची गोळी घेतली असती. गरिबांवर अभ्यासच झाला नाही, तर श्रीमंतांच्या आजारावरून काढलेले अंदाज त्यांच्या माथी बसतात. मला भीती त्याची वाटते.

तुमच्या रागातली एक गोष्ट मात्र सोळा आणे खरी आहे. जुनी गोळी चांगली म्हणायचं आणि आयएनआरसाठी माणसाला कोसभर दूर पाठवायचं, हे चालणार नाही. ही तपासणी तालुक्याला, जमल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायला हवी. संशोधनात भाग घेण्याच्या संमतीचा कागदही कोलामी-गोंडी बोलणाऱ्या माणसाला त्याच्या बोलीत कुणीतरी समजावून सांगितलाच पाहिजे. तुम्हाला कधी असा कागद दिला, तर त्यावर नैतिकता समितीचा फोन नंबर आहे का ते बघा. नाही म्हटलं तरी उपचार थांबवता येत नाहीत, हे तिथेच ठणकावून सांगा.

वडिलांच्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू होते का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आधी विचारा. अँजिओग्राफीची सीडी आणि अहवाल जपून ठेवा. ऑपरेशन दुसऱ्या दवाखान्यात करायचं ठरलं तर तेच दाखवा, आणि तरीही पुन्हा करायला सांगितली तर कारण लिहून मागा.