पोरगं लीडर करायचंय? आधी बडग्यापासून लांब ठेवा

पालकहो, तुमचं लेकरू आठवीत गेलं आणि त्याच्या नेतृत्वगुणांचं तुम्ही अजून काहीच केलं नाही, म्हणजे कमाल आहे. शेजारच्या फ्लॅटमधल्या पोरानं उन्हाळ्यात शिबिर केलं, सर्टिफिकेट लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलंसुद्धा. पण घाबरू नका. नागपुरात हे काम अवघड नाही, फक्त सुरुवात वर्गाच्या मॉनिटरपदापासून करायची.

मॉनिटर निवडताना शाळा सहसा चुकत नाही. जो कोणाशी वाद घालत नाही, ज्याच्या वह्यांना कव्हर असतं आणि ज्याला सर स्टाफरूममधून खडू आणायला पाठवतात, त्याच्याच गळ्यात माळ पडते. काम सोपं आहे. सर बाहेर गेले की फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायची, पुन्हा बोलला तर नावापुढे फुली. मधल्या सुट्टीत अर्धा समोसा दिला की नाव पुसलं जातं. प्रशासनाचा हा धडा अभ्यासक्रमात नाही, तरी तो सगळ्यांना पाठ असतो.

याला शास्त्राचा आधारही आहे. कुर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट पाडून त्यांना मुखवटे वगैरे करायला बसवलं होतं. 1939 मध्ये ते छापून आलं. एका गटावर हुकूम सोडणारा माणूस, दुसऱ्यावर सगळ्यांना विचारून ठरवणारा, तिसऱ्यावर नुसता बसून राहणारा. हुकूम सोडणारा खोलीत असेपर्यंत काम जोरात, तो बाहेर पडला की हात थंड. विचारून ठरवणारा बाहेर गेला तरी त्याच्या गटाचं काम सुरूच. तिसऱ्या गटाचं सांगत नाही, तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर असालच. आता यावरून शहाण्या माणसानं काय शिकावं? हुकूम सोडणाऱ्यानं खोलीबाहेर जाऊच नये! आपल्या शाळांनी नेमकं हेच उचललं. सर गेले तर मॉनिटर, मॉनिटर आजारी पडला तर कॅमेरा.

काही शाळांत बालमंत्रिमंडळ असतं. मतदान होतं, बोटाला शाई लागते, टाळ्यांच्या गजरात शपथविधीही होतो. दुसऱ्या दिवसापासून पाणीमंत्री माठ भरतो आणि स्वच्छतामंत्री झाडू मारतो. डिसेंबरात आपल्या गावात अधिवेशन भरतं, तिथल्यांपेक्षा हे मंत्री जास्त काम करतात. तरी त्यांना कोणी एक विचारत नाही की, बाबू, माठ कुठे ठेवायचा ते तुम्हीच ठरवता का?

खरा धोका मात्र श्रावण संपता संपता असतो, तेव्हा लक्ष ठेवा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन बोजारा मागत फिरणं लहानपणी ठीक आहे, फोटो छान येतात. पण नववीतला पोट्टा महाल-इतवारीकडच्या मित्रांसोबत बडग्या, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीत नेऊन जाळायचा टिंगलीचा पुतळा, करायला बसला, की समजा हातचा गेला. या मिरवणुकीतली मोठी पुतळी म्हणजे मारबत; काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते म्हणतात. इतक्या वर्षांत या नादानं एकाचाही रँक सुधारल्याचं ऐकिवात नाही.

हा पोट्टा काय करतो बघा. दारोदार वर्गणी मागतो आणि वहीत हिशेब ठेवतो. "काकू, मागच्या वर्षी तुम्ही पन्नासच दिले होते. यंदा महागाईचाच बडग्या आहे नं!" काकू हसतात आणि शंभराची नोट काढतात. बांबूवाल्याशी घासाघीस करतो. बडग्या खड्ड्यांचा करायचा की पेपरफुटीचा, यावरून पोरांचे दोन तट पडतात, तेव्हा दोन्ही बाजूंचं ऐकून खड्ड्यांच्या हातात फुटलेला पेपर देतो. अभ्यासात ढ असलेला पण हात चांगला चालणारा एक जण असतो, त्याच्याकडे नाक-डोळे रंगवायचं काम जातं. पाऊस आला की मंडपवाल्याकडून ताडपत्री येते, उधारीवर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हा जेवायला घरी गेला तरी तिकडे चिकटवाचिकटवी थांबत नाही.

घरी त्याचं स्वागत कसं करायचं, ते तुम्हाला शिकवायला नको. "काय करून राहिला बे दिवसभर? युनिट टेस्ट डोक्यावर आली, अन् हा खळ लावून राहिला!" एवढं पुरतं. पुढच्या वर्षी तो विचारणारही नाही.

असा मोकळा झाला की त्याला करिअरकडे वळवा. 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी व्हायची. पोराचा कल ललित कलेकडे निघाला की घरात सुतक, पण निकालाचा कागद कपाटात ठेवता यायचा, म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 2020 मध्ये सांगितलं की सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना काढावेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकावं. कल्पना उत्तम आहे. कुंभारावर प्रोजेक्ट करायचा, फोटो आईनं नेटवरून काढायचे, प्रिंटआउट बाबांनी ऑफिसातून आणायचे. कुंभाराचं चाक फिरवलं तर कपडे खराब होतात, शिवाय त्यावर एमसीक्यू येत नाही.

दहावीनंतर टाय-अपचं कॉलेज बघा. त्याला कॉलेज म्हणतात ते कागदोपत्री, हजेरीची काळजी तेच घेतं. पोरगं सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये. तिथे बॅच कुठली, बाक कुठला, डाउट कधी विचारायचा, सगळं ठरवून मिळतं. दोन वर्षांत त्याला स्वतःहून एकच निर्णय घ्यावा लागतो, मधल्या वेळेत तर्री पोहे खायचे की समोसा. तोही शक्यतो तुम्ही फोनवर सांगा.

पुढे इंजिनिअर होऊन प्लेसमेंटच्या मुलाखतीत तो बसेल. समोरची बाई विचारेल, "एखादा प्रसंग सांगा, जिथे तुम्ही चार माणसं जमवून, पैसे उभे करून, भांडणं मिटवून एखादं काम तडीस नेलं." पोरगं छताकडे बघेल. तुम्ही घाबरू नका. या प्रश्नाच्या उत्तराचाही क्लास असतो, उत्तर छापील मिळतं आणि फी दोन हप्त्यांत भरता येते.