म्हादईकाठकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

म्हादईकाठकर, सप्रेम नमस्कार.

मदर तेरेसांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, सोसलेल्या गोव्यातल्या हिंदूने एका ननचं कौतुक करावं ही लाजेची गोष्ट आहे. सेवा हे धर्मांतराचं आमिष आहे. कोलकात्यात रोगी औषधाविना मेले. पैसा हुकूमशहांचा नि लफंग्यांचा होता. आणि 'आपल्या' लोकांच्या सेवेवर मी कधी लिहिणार? भाषा झणझणीत आहे, पण मुद्दे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

इन्क्विझिशनबद्दल तुमच्या-माझ्यात वाद नाही. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं ते चाललं. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला का गेली, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. पण तो हिशेब पोर्तुगीज सत्तेचा आणि तिच्या धर्मन्यायालयाचा. १९१० साली स्कोप्येत जन्मलेल्या, १९२९ साली कोलकात्यात उतरलेल्या बाईकडे तो कसा मागायचा?

गोव्याचा इतिहास काढलाच आहे तर आणखी एक गोष्ट बघा. जुन्या गोव्यातला सांता मोनिकाचा मठ तुम्ही बाहेरून तरी पाहिला असेल. १६०६ साली सुरू झालेला, आशियातला पहिला मोठा स्त्रियांचा मठ. तिथे शिरायला हुंडा लागायचा, आणि एकदा आत गेलेली बाई बाहेर येत नसे. गरिबाच्या दारी जाणं हे त्या ननांचं काम नव्हतंच. १८३४ साली पोर्तुगालने धर्मसंघ बंद केले, नवीन मुली घ्यायची मनाई झाली आणि १८८५ साली तिथली शेवटची नन वारली.

मी लेखात १९४८वर, मदर मठाबाहेर पडल्या त्या वर्षावर, एवढा का रेंगाळलो ते यावरून कळेल. मदर तेव्हा ज्या संघात होत्या त्या लोरेटोच्या सिस्टरही भिंतीआडच राहत. कोलकात्यात एंटालीच्या शाळेत शिकवणाऱ्या तेरेसांना बाहेर पडायला थेट रोमची परवानगी लागली. ऑगस्टमध्ये निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या निघाल्या त्या आधी पाटण्याला, मेडिकल मिशन सिस्टरांच्या हॉस्पिटलात, शुश्रूषा शिकायला. आपल्या नव्या संघातल्या सिस्टरांनी भात-मीठ खाऊन राहावं असा त्यांचा विचार होता. तिथल्या सिस्टरांनी झापलं: असं खाऊन राबलात तर तुम्हीच क्षयाने मराल. त्यांनी ते ऐकलं. मला ही बाई इथे आवडते.

आता औषधांचा मुद्दा. तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलात. १९९४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी मदरांचं कोलकात्यातलं मरणासन्नांचं घर पाहून लिहिलं. डॉक्टर अधूनमधून येतात, बरे होऊ शकणारे आणि न होणारे यांत फरक केला जात नाही, तीव्र वेदनांवर जोरकस औषध नाही. तापाने फणफणलेल्या एका रुग्णाला टेट्रासायक्लिन आणि पॅरासिटामॉल दिलं होतं. नंतर आलेल्या डॉक्टरने मलेरियाचा संशय घेऊन क्लोरोक्विन सुरू केलं. रक्त कुणी तपासलं नाही? फॉक्स यांचा हाच सवाल होता. गोव्यातल्या माणसाला तो समजावून सांगायला नको, ताप म्हटला की आपण आधी रक्त द्यायला जातो. स्वच्छता, जखमांची निगा आणि माया यांचं श्रेयही त्यांनी दिलं, ते मात्र तुमच्या प्रतिक्रियेत गळलं.

१९५२ साली याच घरासाठी महापालिकेने कालीघाटच्या देवळाशेजारची यात्रेकरूंची धर्मशाळा दिली, तेव्हा पर्याय फुटपाथ हाच होता. १९४३चा दुष्काळ, १९४६ची दंगल आणि फाळणीचे निर्वासित या सगळ्यांतून ते शहर नुकतं गेलेलं. त्या दिवसांत खाट, पाणी आणि जवळ बसलेलं माणूस हेच पुष्कळ. पण १९७९च्या नोबेलनंतर, जगभरातून पैसा येत असताना, तीच पद्धत चालू ठेवायला सबब नाही. १९८९ साली मदरांना स्वतःला पेसमेकर बसला. कालीघाटच्या रुग्णाला जोरकस वेदनाशामकही मिळू नये, हे मला पटत नाही. माझा लेख १९४८ ते १९५२ एवढ्यापुरता होता. पुढच्या काळावर लिहिलं असतं तर सूर वेगळा लागला असता.

धर्मांतराबद्दल. मदरांची संस्था सोडून गेलेल्या एका सिस्टरने लिहिलंय की मरणाऱ्यांना गुपचूप बाप्तिस्मा दिला जाई. संस्थेला ते मान्य नाही. ते खरं असेल तर सरळ फसवणूक आहे, शुद्ध हरपत चाललेल्या माणसाची संमती कुठून येणार? पण 'आमिष' म्हणताना जरा थांबा. आमिष दाखवणारा धडधाकट माणूस शोधतो, उद्या रांगेत उभा राहील असा. चार दिवसांत जाणाऱ्याला उचलून आणून कुठल्या धर्माची संख्या वाढते?

पैशाचं थोडक्यात. हैतीच्या दुवालिएर हुकूमशाही राजवटीकडून मदरांनी सन्मान घेतला. अमेरिकेतल्या चार्ल्स कीटिंगने साडेबारा लाख डॉलर दिले. तो फसवणुकीच्या खटल्यात अडकल्यावर त्यांनी न्यायाधीशांना दयेचं पत्र लिहिलं, तर सरकारी वकिलाने उलट कळवलं की तो पैसा लुबाडलेल्या लोकांचा आहे, परत करा. परत केल्याचं कुठे वाचनात नाही. इथे मी तुमच्या बाजूचा आहे. संस्थेच्या परदेशी देणग्यांच्या परवान्याची जी बातमी तुम्ही जोडलीत ती मात्र अर्धी आहे: २०२१च्या नाताळात नूतनीकरण नाकारलं गेलं आणि जानेवारी २०२२मध्ये परवाना पुन्हा मिळाला.

राहिलं 'आपल्या' लोकांचं. फोंडा तालुक्यातल्या मातृछायेवर लिहायचं डोक्यात आहेच, अनाथ मुलांसाठी तिथे जे चालतं ते लोकांपर्यंत पोचायला हवं. पण तिथेही औषधं, हिशेब, मोठी झाल्यावर मुलं कुठे जातात, हे सगळं विचारणार आहे, आणि तेव्हा तुम्ही रागावू नका. म्हादईकाठचे म्हणजे फोंड्याहून फार लांबचे नसणार. तिथे कुणाशी बोलावं हे ठाऊक असेल तर जरूर कळवा.