शिकागोतले भाडे, गिरणगावातली मालकी

शिकागोच्या लोगन स्क्वेअर भागात, ब्लू लाइनच्या स्थानकाला लागून, पूर्वी महापालिकेचा वाहनतळ होता. आज तेथे सात मजली इमारत उभी आहे आणि तिच्यातली सर्वच्या सर्व १०० घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहेत. २०२२ साली खुल्या झालेल्या या इमारतीला लुसी गोन्झालेझ पार्सन्स यांचे नाव दिले आहे. शिकागोतल्या कामगार सभेत बॉम्ब फुटला, त्या १८८६ च्या हेमार्केट प्रकरणात पुढे फाशी गेलेल्या आल्बर्ट पार्सन्सची ही पत्नी. स्वतःही आयुष्यभर कामगारांसाठी लढली. माझे वडील मुंबईतल्या गिरणीत होते आणि १९८२ च्या संपानंतर पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत, त्यामुळे कामावर जाताना रोज हे नाव वाचले की मला भरून येते.

त्या इमारतीसाठी लागलेल्या पैशाचा एक मोठा भाग टॅक्स क्रेडिटमधून आला. १९८६ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना अशी चालते: केंद्र सरकार राज्यांना करसवलतीचा कोटा देते, राज्याची गृहनिर्माण संस्था तो निवडक प्रकल्पांना वाटते आणि बांधणारी संस्था तो बहुधा बँकांना विकून भांडवल उभे करते. बँकेला दहा वर्षे तेवढी रक्कम थेट भरायच्या करातून कमी करून मिळते. प्रकल्पावर कर्ज कमी राहते, म्हणून भाडे कमी ठेवता येते.

मुंबईतल्या नातेवाइकांशी पुनर्विकासावर बोलणे निघाले की आमच्या घरातला एक भाऊ हटकून म्हणतो, ‘अमेरिकेसारखी करसवलत द्या, बिल्डर आपोआप स्वस्त घरे बांधतील.’ मला हे पटत नाही, पण टाकूनही देता येत नाही. स्वस्त भाड्याचा भार कोणी उचलायचा, या प्रश्नाला दोन्ही देशांनी वेगवेगळी उत्तरे दिली. आपल्याकडे १९४७ च्या भाडे कायद्याने तो एकट्या घरमालकावर टाकला. भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, चाळी टेकूंवर आल्या आणि सामान्य माणसासाठी नवी भाड्याची घरे बांधणे जवळजवळ थांबले. अमेरिकेने निदान या योजनेपुरता तो भार सरकारी तिजोरीवर घेतला. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे येथे भाडेकरू म्हणून सन्मानाने राहण्याचा एक मार्ग शिल्लक आहे. आपल्याकडची सगळी चर्चा मात्र मालकी कोणाला मिळणार आणि किती चौरस फुटांची, एवढ्यावरच अडकते.

मालकीचे पुढे काय होते, हे मी काकांच्या घरी पाहिले आहे. चाळ पाडल्यावर अनेक वर्षे संक्रमण शिबिरात काढून त्यांना लालबागमध्येच बाविसाव्या मजल्यावर घर मिळाले. गेल्या भेटीत त्यांनी मेंटेनन्सचे बिल माझ्यासमोर ठेवले आणि शेजारी पेन्शनचे पासबुक. देखभालीसाठी बिल्डरने दिलेल्या एकरकमी ठेवीच्या, म्हणजे कॉर्पस फंडाच्या, व्याजात निम्माही खर्च भागत नव्हता. त्यांच्या मजल्यावरच्या तीन कुटुंबांनी घरे विकून बदलापूर गाठले होते. ती कुटुंबे गेली तशी ती घरेही कमी उत्पन्नाच्या माणसाला कायमची दुरावली.

लोगन स्क्वेअरलाही हा अनुभव नवा नाही. २०१५ मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर ‘६०६’ ही पायवाट झाली, आसपासच्या घरांच्या किमती चढल्या आणि हजारो लॅटिनो रहिवासी उपनगरांकडे सरकले. मी ज्या दुमजली घरात भाड्याने होतो, तेथे खाली एक पोर्तो रिकन आजी तीसेक वर्षे राहत होत्या. घर विकले गेले त्या दिवशी त्यांचे शिवणयंत्र मुलाच्या गाडीत मावेना, म्हणून पायरीवर बसून त्यांनी त्याचे पाय स्क्रू काढून वेगळे केले. त्यांच्यासाठी ती १०० घरे फार उशिरा आली.

योजनेतले दोष मी लपवणार नाही. भाड्याची मर्यादा भाडेकरूच्या स्वतःच्या कमाईवर नव्हे, तर साऱ्या महानगर क्षेत्राच्या मध्यम उत्पन्नावर ठरते; त्यामुळे एखाद्याची नोकरी गेली तरी, वेगळे अनुदान नसेल तर, भाडे तेवढेच राहते, आणि मर्यादेच्या आत बसणारे भाडेही जुन्या वस्तीला कधी कधी परवडत नाही. दुसरा दोष मुदतीचा आहे. भाड्यावरचे निर्बंध साधारण ३० वर्षांचे असतात, आणि कायद्यातल्या एका तरतुदीमुळे काही मालक १५ वर्षांनंतरच त्यातून बाहेर पडतात. करदात्यांनी ज्या घरासाठी पैसे मोजले, ते वस्ती महाग झाल्यावर, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, बाजारात जाते.

म्हणून भावाला माझे सांगणे असे, की सवलत द्यायची तर मालकी विकण्यासाठी नको, भाड्याची घरे चालवण्यासाठी द्यावी, आणि जमीन सार्वजनिक मालकीची असेल तर अटीला मुदतच नसावी. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग म्हाडाकडे येणार होता. २००१ च्या बदलाने तो हिस्सा केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. ती जमीन हाती असती, तर काकांच्या मजल्यावरची ती तीन कुटुंबे आज लालबागमध्येच भाड्याने राहत असती.