अनुदानाचं ठरेल, पण वाचायचं काय?

गोव्यात प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाचा वाद पेटला की माझ्या फोनवर दोन्ही बाजूंचे मेसेज येऊन पडतात. डिचोलीचे काका ‘मराठी शाळा वाचवा’ म्हणतात. मडगावची मैत्रीण विचारते, मुलाला इंग्रजीत घालायचा हक्क आईबापांना नाही तर कुणाला? मी राहते इंग्लंडात, स्विंडनला. माझी तिन्ही मुलं, आठ, सहा आणि चार वर्षांची, शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. त्यामुळे ‘तुला त्याचं काय पडलंय’ हे दोन्हीकडून ऐकावं लागतं. पण जिथं अनुदान शून्य आणि माध्यम निवडायची मोकळीक पुरेपूर, अशा जागी बसून पाहिलं की गोव्यातलं भांडण दुसऱ्या क्रमांकाच्या प्रश्नावर चाललंय असं वाटायला लागतं. पहिला प्रश्न, मुलाच्या हातात वाचायला काय द्यायचं, हा आहे. तो कुणी विचारतच नाही.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा इतिहास. 1987च्या कायद्यानं देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठी वापरायची मुभा राहिली. 1990 मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं की प्राथमिकचं अनुदान फक्त मराठी-कोंकणी शाळांना. चर्चच्या पुष्कळ इंग्रजी शाळा तेव्हा कोंकणीकडे वळल्या. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारनं इंग्रजी शाळांनाही अनुदानाचं दार उघडलं आणि त्याला विरोध करणारा भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला. 2012 ला मनोहर पर्रीकर सत्तेवर आले, तरी चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच राहिलं. 2016 मध्ये मंचाचे नेते आणि गोव्याचे संघप्रमुख सुभाष वेलिंगकर यांचं संघातलं पद गेलं आणि मंचातून एक पक्षच जन्माला आला. मधेच, 2014 साली, कर्नाटकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेची सक्ती सरकारला करता येणार नाही. आणि 2020चं शैक्षणिक धोरण म्हणतं, शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषाच हवी. एवढ्या सगळ्या वर्षांत निवडणुका झाल्या, मोर्चे झाले, पगाराच्या ग्रँटवर रात्री जागल्या. पहिलीतलं मूल पाठ्यपुस्तक मिटल्यावर काय वाचतं, यावर एकही मोर्चा निघालेला मला आठवत नाही.

इथला कायदा सांगते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. 1996च्या शिक्षण कायद्याचं सातवं कलम म्हणतं की मुलाला त्याच्या वयाला आणि कुवतीला साजेसं पूर्णवेळ शिक्षण देणं ही आईबापांची जबाबदारी. ते शाळेत पाठवून द्या किंवा अन्य प्रकारे. त्या ‘अन्य प्रकारे’वर इथलं सगळं होमस्कूलिंग उभं आहे. मुख्याध्यापकांना पत्र दिलं की सर्वसाधारण शाळेतलं नाव कमी होतं. नॅशनल करिक्युलम पाळायचं बंधन नाही. पैही मिळत नाही, आणि पुढं सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेची फीसुद्धा आपल्याच खिशातून. शाळेत न जाणाऱ्या मुलांची नोंदवही ठेवण्याचं विधेयक डिसेंबर 2024 मध्ये संसदेत आलं, त्यावरून इथल्या पालकांत बरीच धुसफुस झाली. मला स्वतःला नोंदणीचं काही वाटत नाही. आपण मुलांना लपवून थोडेच ठेवतो?

आम्ही या वाटेला का आलो, याला तत्त्वज्ञान नाही. भाड्याचं घर बदललं, दोन मुलांना दोन टोकांच्या शाळांत जागा मिळाली, आणि नवऱ्याची गोदामात रात्रपाळी. मुलं शाळेतून येईपर्यंत बाप कामाला निघालेला. स्विंडनमध्ये आमच्यासारखी गोंयकार घरं पुष्कळ आहेत, आजोबांच्या पोर्तुगीज अमदानीतल्या जन्माच्या दाखल्यावर इथवर आलेली. त्यातली बहुतेक मुलांना शाळेतच घालतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

आता अभ्यासक्रमाची निवड. हा बाजार अफाट आहे. अमेरिकेतून वर्षभराचा अख्खा अभ्यास खोक्यात भरून येतो: इयत्तेप्रमाणे पुस्तकं, वर्कबुकं, आईनं काय बोलायचं तेही छापलेलं. अबेका, बॉब जोन्स यांसारखी त्यातली मोठी नावं ख्रिस्ती प्रकाशकांची, म्हणून विज्ञानाच्या पुस्तकातही बायबल येतं. गणितात डाइम आणि क्वार्टर ही अमेरिकी नाणी मोजायची, आणि पोराच्या गल्ल्यात मात्र पेन्स. शिवाय तीन मुलं म्हणजे तीन खोकी, आणि सकाळी नऊला तीन विद्यार्थ्यांसमोर एक आई.

अनेक मुलांच्या घरात खरी मेख इथंच आहे. ज्यांना हे जमलेलं असतं त्या बायका एक गोष्ट सांगतात आणि ती अगदी खरी निघते: गणित आणि वाचन ज्याचं त्याचं, बाकी सगळं एकत्र. इतिहास, निसर्ग, कविता, गोष्टी यांना इयत्ता नसते. शार्लट मेसन नावाची शिक्षणतज्ज्ञ लेक डिस्ट्रिक्टमधल्या ॲम्बलसाइडला राहायची, 1923 ला वारली. तिची रीत साधी: छोटे धडे, चांगली पुस्तकं, आणि ऐकलेलं मुलानं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. आठ वर्षांची मुलगी पाच वाक्यांत सांगते, चार वर्षांचा ‘हत्ती पडला’ एवढंच सांगतो, आणि दोघांचा धडा झालेला असतो. आमच्या गावच्या देवळात कीर्तन ऐकून आलेली आजी दुसऱ्या दिवशी वाड्यावर हेच करायची. फी न घेता.

गणितासाठी मी व्हाइट रोझची वर्कबुकं आणि ओक नॅशनल अकॅडमीचे फुकटचे व्हिडिओ धरते. ओक 2020च्या लॉकडाउनमध्ये उभी राहिली आणि सरकारी पैशावर चालते. पाढे मात्र मराठीत. इथं चौथीच्या वर्षाला बारा बारेपर्यंतच्या पाढ्यांची संगणकावर चाचणी असते, पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. परवचा म्हणून मोठं झालेल्या माणसाला ते ऐकून हसू येतं. पण आकडे वाचायला शिकवताना मी 2019चं बालभारतीचं दुसरीचं पुस्तक बाजूला ठेवत नाही. ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचू द्यावं, एवढंच त्यात होतं, आणि मंगला नारळीकरांच्या समितीवर महाराष्ट्र तुटून पडला होता. माझ्या मधल्याला त्रेपन्न आणि पस्तीस यांतला गोंधळ ‘पन्नास तीन’ म्हटल्यावर सुटला. त्रेपन्न तो पुढं आपोआप म्हणायला लागला.

वाचनाकडे येते, कारण माझा सगळा मुद्दा तिथं आहे. इंग्रजीचं स्पेलिंग म्हणजे अन्याय आहे, हे तिघांना शिकवताना रोज कळतं. पण त्या अन्यायावर इंग्रजांनी शिडी बांधली आहे. आधी बेचाळीस ध्वनी, मग फक्त शिकलेल्या ध्वनींचीच छोटी पुस्तकं, मग रंगांच्या पायऱ्या: गुलाबी, लाल, पिवळी, निळी, हिरवी, पुढं सोनेरी, पांढरी. प्रत्येक पायरीवर डझनांनी पुस्तकं, आणि ती लायब्ररीत फुकट. स्विंडन हे रेल्वेचं गाव, तेव्हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनिअर ब्रुनेल इथल्या पोरांना चार वर्षांच्या वयाला मोठ्या चित्रांत भेटतो, सहाव्या वर्षी दोन ओळींत, आठव्या वर्षी प्रकरणांत.

मराठीची लिपी याच्या उलट. जे लिहिलंय तेच वाचायचं, बहुतेक वेळा. ग-म-भ-न किंवा त्यासारखा अक्षरांचा गट घेतला, काना-मात्रा लगेच जोडल्या, की थोड्याच आठवड्यांत मूल शब्द वाचतं. अ अननसाचा ते ज्ञ यज्ञाचा असा अख्खा तक्ता पाठ होईपर्यंत थांबायची गरज नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी आणि पालघरमध्ये क्वेस्ट संस्थेनं मराठी वाचन शिकवण्यावर मन लावून काम केलं आहे. म्हणजे सुरुवात मराठीतच सोपी! मात्र ‘कमल बघ’ वाचता येणाऱ्या मुलाला पुढच्या दोन वर्षांत शंभर-दोनशे सोपी पुस्तकं लागतात, जोडाक्षरं अंगवळणी पडेपर्यंत. तिथं शिडीच्या पायऱ्या तुटक आहेत. पुण्याची ज्योत्स्ना प्रकाशनसारखी मंडळी सुंदर चित्रपुस्तकं काढतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर चार पातळ्यांच्या गोष्टी मराठीत आहेत, कोंकणीतही आहेत, आणि त्या फुकट छापून घेता येतात. माझी गाडी बरीचशी त्यांच्यावरच चालते. पण यातलं गोव्याचं किती?

गोव्याच्या मुलाला गोवाच वाचायला मिळत नाही, आणि गोव्यासारखा अभ्यासाचा माल कुठंच नाही. चवथीची माटोळी घ्या. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचा शिपटो, चिबूड, तोरिंग, आंबाडे, आणि रानातून आणलेली कांगलां, माट्टी, घागऱ्यो. वनस्पतिशास्त्राचा वर्ग छताला टांगलेला असतो. काय वेलीवर येतं, काय झाडावर, काय खातात, काय नुसतं शोभेचं. चार वर्षांचा पोर रंगांनी वेगळं करेल, आठ वर्षांची बियांनी. किंवा खाजन शेती: खाडीच्या कडेला बांध, बांधात मानस म्हणजे पाण्याचं दार, भरतीचं पाणी दार लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी दार उघडून बाहेर पडतं. ना वीज ना मोटर. एवढं धडधडीत यंत्र दिवाडी-चोडणच्या मुलाच्या घरामागं चालू असतं आणि तो पुस्तकात गिअर आणि कप्पी शिकतो.

मराठीला हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांत बालवाड्या काढल्या, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, दगड घेतले. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. त्या बायकांपुढं आमच्या इथल्या रंगीत प्लॅस्टिकच्या संख्यापट्ट्यांचा काय पाड? माझ्याकडे चिंचोक्यांची बरणी आहे. दशक-एकक, सम-विषम, वाटे घालणं सगळं तिच्यावर होतं.

यावर काकांचं म्हणणं असं की तू आरामात बसून बोलतेस, इथं गावोगावच्या सरकारी मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडताहेत. खरं आहे. भाऊसाहेब बांदोडकरांनी 1963 नंतर खेड्याखेड्यांत उघडलेल्या शाळांतच माझी आई शिकली. त्या मिटताना वाईट वाटतंच. पण पट का घसरला? काका अनुदानाकडे बोट दाखवतात. मला वाटतं, दुसरीतल्या पोरीला घेऊन आई पुस्तकाच्या दुकानात उभी राहते, इंग्रजीचं कपाट भरलेलं दिसतं आणि मराठीच्या खणात अंकलिपी, श्लोक आणि शिवाजी महाराज. त्या क्षणी तिचं माध्यम ठरतं. मैत्रिणीचा हक्काचा मुद्दा मला मान्य आहे, पण निवड म्हणायला दोन्ही बाजूंना काहीतरी असावं लागतं.

गोव्यात मुलांना घरी शिकवा, असं मी सुचवत नाही. बार्देशच्या किनाऱ्याला दिल्ली-मुंबईहून येऊन राहिलेली काही कुटुंबं तसं करतात, पुढं एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देतात. त्यांचं साहित्यही बहुतेक इंग्रजीच. शिक्षण हक्क (आरटीई) कायदा सहा ते चौदाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य सांगतो, आणि सकाळी आठला कामावर जाणाऱ्या आईला दुसरी सोयही नसते.

मला हवंय ते फार कमी खर्चाचं आहे. कोंकणी आणि मराठी अकादम्यांनी एकदा, एकदाच, एका टेबलाशी बसावं. माटोळी, खाजन, पोदेर (पाववाला), शिगमो, म्हादई नदी अशा विषयांवर चार पायऱ्यांची पुस्तकं काढावीत. चित्रं एकच. मजकूर मराठीत, देवनागरी कोंकणीत आणि रोमीत (रोमन लिपीतल्या कोंकणीत), तिन्ही वेगळे छापलेले. चित्रकाराचा खर्च तिन्ही आवृत्त्यांत वाटला जाईल आणि कुणाची लिपी मोठी यावर भांडायला जागाच उरणार नाही. (उरेल, मुखपृष्ठावर कुणाचं नाव आधी यावर.) खरेदी सरकारनं करावी: प्रत्येक प्राथमिक शाळेत एक संच, मग तिचं माध्यम कुठलंही असो, आणि तालुक्यांच्या वाचनालयांत. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 पासूनचं आहे. पुस्तकं ठेवायची सवय गोव्याला आहे.

हे सगळं फोंड्याच्या वहिनीला सांगितलं. तिचा धाकटा यंदा पहिलीला. ती म्हणाली, “तुझी पुस्तकं येईपर्यंत माझा पोर कॉलेजात जाईल गो. ॲडमिशनचं सांग.” मी म्हटलं, घाल इंग्रजीत, मला काही वाटत नाही. पण पहिल्या पातळीच्या मराठी गोष्टी आज रात्री पाठवते, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घे, आणि झोपताना तो तुला वाचून दाखवेल असं बघ. तू त्याला नको दाखवूस. रंगीत प्रिंट महाग पडते म्हणाली. काळ्या-पांढऱ्या काढ, रंग त्यालाच भरू दे.