रॅम वाढवायची का? विकत घेण्याआधी उसनी घेऊन बघा

गेले तीन आठवडे डोक्यात एकच विषय होता: गेमिंग पीसीची रॅम, म्हणजे चालू कामापुरती वेगवान मेमरी, १६ जीबीवरून ३२ करायची की नाही. ज्याला विचारलं तो म्हणाला, "टाकून दे, आता १६ मध्ये काही होत नाही." पण तुझी १६ भरते का, हे एकानेही विचारलं नाही. मला खटकतं ते हेच. लोक दुसऱ्याच्या मशीनवरचे तक्ते बघून स्वतःचा खिसा रिकामा करतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझा त्रास असा होता. गेम मोठा, मोकळ्या जगाचा. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळं सुरळीत. मग घोडा भरधाव सोडून एखाद्या गावाजवळ आलो की चित्र अर्धा सेकंद गोठायचं, आवाज पुढे जायचा आणि घोडा एकदम झाडाच्या पलीकडे दिसायचा. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स, मात्र साठच्या वरच. सरासरीत असे झटके बुडून जातात. त्यासाठी सगळ्यात हळू १ टक्का फ्रेम्सचा आकडा बघावा लागतो, ज्याला 'वन पर्सेंट लो' म्हणतात. माझा तो २८ होता.

मग दुसऱ्या स्क्रीनवर विंडोजच्या टास्क मॅनेजरमधलं मेमरीचं पान उघडं ठेवून खेळलो. वापरात १५ जीबीच्या आसपास, म्हणजे जवळपास काठोकाठ. त्याखाली 'कमिटेड' नावाचा आकडा असतो, तो २३ वर गेला होता. विंडोजने प्रोग्रामना कबूल केलेली ती मेमरी. ती सगळी प्रत्यक्ष वापरात असतेच असं नाही, त्यामुळे एवढ्यावर निकाल लावू नका. खरा पुरावा मिळाला विंडोजच्याच रिसोर्स मॉनिटरमध्ये. तिथे 'हार्ड फॉल्ट्स' दिसतात. हवी असलेली गोष्ट रॅममध्ये नाही, डिस्कवरून आणावी लागली, असा त्याचा अर्थ. गेम लोड होताना हा आकडा उसळतोच, त्याचं काही नाही. पण माझ्याकडे चित्र गोठलं की दर वेळी तोही उसळत होता. रॅमकडून उत्तर साधारण १०० नॅनोसेकंदांत येतं. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीला, म्हणजे सगळ्यात वेगवान प्रकारच्या डिस्कलाही त्याच्या शेकडो पट वेळ लागतो. ६० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, त्यात अशा हजारो फेऱ्या बसत नाहीत.

हे बघताना आणखी एक गोष्ट सापडली आणि तिचं मला मनापासून वाईट वाटलं. टास्क मॅनेजरच्या त्या मेमरीच्या पानावर रॅमचा स्पीड लिहिलेला असतो. माझ्या रॅमच्या खोक्यावर ३२००, इथे २१३३. ज्याने मशीन जोडून दिलं त्याने बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग, चालूच केलं नव्हतं, आणि तसं करावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पैसे मोजले त्या वेगाच्या दोन तृतीयांशावर मी दोन वर्षं खेळलो! ही पोस्ट वाचून एक काम करणार असाल तर हेच करा. स्पीड बघा. डीडीआर५ वर, म्हणजे डीडीआर४ नंतरच्या पिढीच्या रॅमवर, एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचा बोर्ड असेल तर याच सेटिंगला बहुतेक ठिकाणी एक्स्पो म्हणतात. आणि रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) असतील तर त्या शेजारशेजारी नकोत. चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरपासून मोजून बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात, तरच ड्युअल चॅनल मिळतो, म्हणजे प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. मॅन्युअलमध्ये चित्र असतं.

एक्सएमपी चालू केल्यावर सरासरी ६६ वरून ७३ झाली, फुकटात. झटके मात्र तसेच राहिले.

मग धाकट्या भावाला फोन केला. त्याच्याकडे ३२ जीबी आहे, डीडीआर४ च, १६ च्या दोन स्टिक. रविवारपुरती अदलाबदल करू म्हटलं. रॅम हा पीसीतला सगळ्यात सहज उसना मिळणारा भाग आहे, तरी कुणी मागत नाही. वीज बंद, केबल बाहेर, क्लिप मागे, स्टिकची खाच स्लॉटच्या खाचेवर, मग दोन्ही अंगठ्यांनी 'टक' ऐकू येईपर्यंत दाब. हा दाब अपेक्षेपेक्षा बराच जास्त लागतो. स्टिक अर्धवट बसली तर स्क्रीन काळीच राहते आणि माणूस उगाच हादरतो.

त्याच गावात, त्याच रस्त्याने घोडा नेला. सरासरी ७४, म्हणजे जवळपास तीच. वन पर्सेंट लो ५१. वापर १९ जीबीपर्यंत गेला आणि चित्र एकदाही गोठलं नाही. माझा निर्णय तिथेच झाला.

पण त्याच रविवारी माझ्या १६ जीबीवर भाऊ त्याचा शूटर खेळत होता. त्याचा वापर ११ च्या पुढे गेलाच नाही. फरक शून्य. त्यालाही झटके यायचे, पण ते ग्राफिक्स कार्डाची स्वतःची वेगळी ८ जीबी मेमरी भरल्यामुळे. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर (भिंती-जमिनींवरच्या चित्रांचा बारकावा) एक पायरी खाली आणलं आणि प्रश्न मिटला. त्याने ३२ ची ६४ केली असती तरी तो मिटला नसता.

संध्याकाळी स्टिक परत द्यायला काढल्या तर तो म्हणाला, "दादा, राहू दे तुझ्याकडेच." किमतीतला वरचा फरक मी त्याला दिला. त्याला पुढे लागली तर मी घेऊन देईन, असं ठरलंय.

ज्यांना अशी अदलाबदल शक्य नाही त्यांच्यासाठी थोडं. २०२५ च्या अखेरीपासून रॅम फार महाग झालीय, कारण कारखान्यांची क्षमता एआयच्या सर्व्हरकडे वळली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी 'असू दे, पुढे उपयोगी पडेल' म्हणून रॅम घेणं मला पटत नाही. झटके मोजून सापडले तरच घ्या. घेतलीत तर एकाच पाकिटातली जोडी घ्या. जुन्या दोनांत वेगळ्या दोन मिसळल्या की कधी वेग उतरवावा लागतो, कधी गेम मध्येच बंद पडतो. डीडीआर५ वर चार स्टिक लावणं मी टाळेनच. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरना दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० आहे, चारांवर ३६००. आणि डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही, पिना २८८ च असल्या तरी खाचेची जागा वेगळी आहे.

काल रात्री भावाचा फोन आला, "दादा, इथे स्पीड २१३३ दाखवतोय." रविवारी घाईत त्याच्या मशीनवर एक्सएमपी चालू करायचं राहून गेलं. आज संध्याकाळी जाऊन करून देतो.